सासऱ्यांच्या कोयत्याची धार

जाड धार बरी की पातळ, यावर भांडताय ना? मग माझं ऐका. नव्याण्णव साल असेल, लग्नाला चार महिने झालेले, सासुरवाडीला राहायला गेलो होतो. सासऱ्यांचा कोयता मला बोथट वाटला. गुपचूप राजापुरात नेला आणि मोटरच्या दगडावर धार लावून आणला. धारवाला म्हणाला, "वस्तरा करून दिलाय." मी खूश!

संध्याकाळी बायकोला सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला. "अहो, ती धार मुद्दाम जाड ठेवलेली असते. पातळ धार गवताला. ऐनाच्या टणक लाकडावर तिचा तुकडा उडेल आणि बाबांच्या डोळ्यात जाईल!"

"मग सांग की त्यांना."

"मी का सांगू? तुम्ही सांगा."

सकाळी सासरे भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, फांद्या तोडायला निघाले, कोयता कमरेमागच्या लाकडी आकडीत. मी मागोमाग. वाटेत तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा आंब्याच्या मोहोरावर बोललो. ते ऐनावर चढले. पहिला घाव बसला तसे मी डोळे मिटले. एक फांदी पडली, दुसरी पडली, तिसरी पडली. चौथीला मी ओरडलोच, "बाबा, थांबा! धार मी पातळ करून आणलीय, तुटेल ती!"

वरून शांत आवाज आला, "माहित्ये. तो कोयता घरीच ठेवलाय. हा शेजारच्या तात्यांचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होतो. चार फांद्या लागल्या."