बाईंची दोन नावं

मंडळी, नायगावहून, धर्माबादहून तुम्ही इतके सगळे या शोकसभेला आलात. लातूरहून माझ्याबरोबर क्लासची काही पोरंही आलीत. आधीचे लोक छान बोलले. मला तसं जमायचं नाही. वर्गात मी सलग तीन तास बोलते, माइक बंद पडला तरी बोलते. आज सांभाळून घ्या.

मी सुरेखा जाधव. लातूरला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. आपल्या मंदाकिनीबाई कंधारकरांची विद्यार्थिनी. मघाशी कुणीतरी म्हणालं, मानसकन्या. न्हाई हो. मी त्यांची चूक होते. तिथूनच ओळख झाली आमची.

बाई मूळच्या नायगावच्या. आपल्याकडे कंप्युटर कुणी डोळ्यानं पाहिला नव्हता, तेव्हा बाई मुंबईला एका संस्थेत त्याच्यावर काम करत होत्या. खोलीभर यंत्र. यंत्राला गार हवा लागायची, म्हणून भर एप्रिलात बाई स्वेटर घालून बसायच्या. भोकं पाडलेल्या कार्डांवर प्रोग्रॅम लिहायचा. एकदा जिन्यात त्यांचा कार्डांचा गठ्ठा हातातून सुटला. सगळी कार्डं पायऱ्यांवर. ती परत लावता लावता बाईंना दोन याद्या एकमेकींशी जुळवायची नवी रीत सुचली. पुढे कितीतरी वर्षं तिथे ती रीत वापरली. मग लग्न झालं, नोकरी सुटली, बाई नांदेडला आल्या.

आणि मग भूकंप झाला.

तुमच्यातल्या कित्येकांनी तो पाहिलाय. मी नऊ वर्षांची होते आणि आत्याकडे राहायला गेले होते, म्हणून वाचले. आमचं घर बसलं. बाबा गेले, भाऊ गेला. आई सापडेना.

मदत केंद्राच्या तंबूत एक कंप्युटर आणला होता. तो चालवता येणारं माणूस न्हाई. बाई नांदेडहून आपणहून गेल्या. एकीकडे गावातल्या माणसांची यादी, एकीकडे दवाखान्यांतल्या जखमींची. बाईंनी आपलीच जुनी रीत वापरली. ज्याचं घर पडलं आणि ज्याचं नाव कुठल्याच दवाखान्यात जुळलं न्हाई, त्याच्यापुढे 'मृत'. कुणी म्हणेल, दुसरं काय करणार होत्या? घाई होती, लोक तंबूबाहेर रडत उभे होते.

आत्या मला घेऊन तिथे गेली. कागद चिकटवलेला होता. लक्ष्मीबाई बाबूराव जाधव, मृत. आत्यानं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "चल सुरे. आता कुणाला हुडकायचं न्हाई." घरी जाऊन तिनं सगळ्यांचे दिवस घातले.

माझी आई तेव्हा जिवंत होती.

मंडळी, माझी आई जिवंत होती. दवाखान्यात एका कॉटवर होती. दुखण्याच्या भरात नाव विचारलं तर तिनं माहेरचं सांगितलं. सोजर तुळशीराम माने. लग्नात ताटात तांदूळ पसरून आपण पोरीचं नवं नाव लिहितो ना? तसं तिचं लक्ष्मी झालं होतं. गावच्या यादीत लक्ष्मी, दवाखान्याच्या यादीत सोजर. कंप्युटरला काय माहीत ही एकच बाई आहे म्हणून? सतरा दिवस जगली ती. नर्सनं सांगितलं, ती रोज विचारायची, "माजी सुरी आली का?"

हे आम्हाला वर्षभरानं कळलं, तेही बाईंकडून. बाई नायगावला एका लग्नाला गेल्या होत्या. नवरदेवानं अंगठीनं तांदळावर नाव लिहिलं, बायकांनी हसून टाळ्या वाजवल्या, आणि बाई जेवायच्या पानावरून उठल्या ते थेट लातूरला. सगळ्या याद्या बाहेर काढून एकेका बाईचं माहेर विचारत गावोगाव फिरल्या. आमच्या दारात आल्या तेव्हा हातात दोन कागद होते. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या हाव. बाईला दोन नावं असतेत हे तुमाला ठाव नव्हतं व्हय?"

बाई म्हणाल्या, "ठाऊक होतं. मला तर सगळ्यात जास्त ठाऊक होतं."

त्याचा अर्थ मला पुढे कळला. मुंबईला काम करणाऱ्या बाईंचं नाव होतं वेणू गोविंद नायगावकर. लग्नात झाल्या मंदाकिनी. बऱ्याच वर्षांनी त्यांनी संस्थेला पत्र टाकलं, माझ्या कामाचे कागद मिळतील का म्हणून. उत्तर आलं, वेणू नायगावकर यांचा ठावठिकाणा आमच्याकडे नाही, आपण त्यांना ओळखत असल्यास कृपया कळवावे. ते पत्र बाईंनी मला दाखवलं होतं. हसत दाखवलं. ते हसू मला अजून बघवत न्हाई.

त्यानंतर बाई दर महिन्याला आमच्याकडे यायच्या. आत्या त्यांना पाणी द्यायची, बोलायची न्हाई. बाईंनी मला गणित शिकवलं, कंप्युटर शिकवला, तोही आधी पाटीवर. लातूरमध्ये कोचिंगचं पेव फुटलं, गल्लोगल्ली पोरांचे फोटो लागले, तेव्हा बाईंना लई जणांनी बोलावलं. बाई गेल्या न्हाईत. मी गेले. माझं नाव झालं. बाईंना त्याचं वाईट वाटलं न्हाई. त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती.

एकदाच त्यांनी विचारलं होतं. "सुरेखा, माफ केलंस का गं मला?"

मी वह्या तपासत होते. मान वर केली न्हाई. म्हटलं, "बाई, चहा ठेवू का?"

मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम उत्तर दिलं न्हाई. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्या जिवावर उभी राहिले, आणि तेवढा एक शब्द दाबून ठेवला. आईची एवढीच गोष्ट माझ्याकडे उरली होती, तो राग. तो सोडला तर आई जाईल असं वाटायचं.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "एकदा येऊन जा." मी म्हटलं, "बाई, परीक्षेची बॅच सुरू हाय. तेवढी होऊ द्या." त्या म्हणाल्या, "बरं." एवढंच.

परवा सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, बाईंना दवाखान्यात नेलंय. कुठल्या, ते त्यांना सांगता येईना. मी लातूरहून निघाले. नांदेडला एका दवाखान्यात विचारलं, मंदाकिनी कंधारकर? न्हाईत. दुसऱ्यात विचारलं. न्हाईत. तिसऱ्यात विचारलं, तर तिथेही न्हाईत. परत पहिल्यापासून फिरले. दुपार झाली. मग तिसऱ्याच्याच पायरीवर बसले आणि एकदम आईचं दवाखान्यातलं नाव आठवलं.

परत आत खिडकीपाशी गेले. म्हटलं, वेणू नायगावकर?

खिडकीतला माणूस म्हणाला, "होत्या. आत्ताच तासाभरापूर्वी गेल्या."

पाशाभाई इथे बसलेत. त्यांच्याच रिक्षातून बाई दवाखान्यात गेल्या. मी त्यांच्यावर ओरडले. ते रडत म्हणाले, "बाईनंच सोताचं नाव सांगितलं, आपा. म्या कसं खोडू?" पाशाभाई, माफ करा मला. तुमचं काही चुकलं न्हाई. चुकलं माझं. मी पहिल्यांदा त्या खिडकीपाशी उभी होते तेव्हा बाई आत जिवंत होत्या. नर्सला विचारलं, काही बोलल्या का? ती म्हणाली, "कोणी सुरेखा आली का, विचारत होत्या."

सगळ्या जगात ही चूक मी करायला नको होती. माझी आई या चुकीत गेली. तरी मी तीच चूक केली, घाईत, घाबरून, त्यांच्यासारखीच. तेव्हा मला कळलं, त्या तंबूत बाईंच्या हातून काय झालं ते. बाई, मी माफ केलं. खरंच केलं. पण कुणाला सांगू आता? कुठल्या यादीत शोधू तुम्हाला?

मंडळी, बाईंच्या त्या फोटोखाली फळ्यावर एकच नाव लिहिलंय. सभा सुरू व्हायच्या आधी मी खडू मागून घेतला होता. हे बघा, हातात आहे. मी दुसरं नाव लिहिते, तोवर तुम्ही उभे राहा. शांत राहून एवढंच करा, आपल्या आईचं माहेरचं पूर्ण नाव मनात म्हणा. ज्याला आठवणार न्हाई, त्यानं घरी जाऊन विचारा. विचारायला कुणी असेल तर आजच विचारा.

सोजर तुळशीराम माने. वेणू गोविंद नायगावकर.

सुरी आली, बाई. उशिरा आली.

उभे राहूया.