वाटीच्या तळाशी गूळ

मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारते. ज्याच्यावर आपला जीव आहे ते माणूस आजारातून बरं व्हायला लागलं, तर आपल्याला वाईट वाटेल का?

"नाही" म्हणालात! त्या खांबाजवळच्या आजींनी तर हातच झटकला. बरं. आता ऐका.

आज राजा नाही, राणी नाही, राक्षस तर नाहीच नाही. आज आहेत वाईचे भालचंद्र गोडबोले, पोस्टातून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर. बावीस वर्षं मधुमेह. आणि त्यांची बायको कुमुदकाकू. त्रेचाळीस वर्षं या बाईनं नवऱ्याला रांधून घातलं. नवरा कसा? जेवून उठायचा, ढेकर द्यायचा, की झालं कौतुक! काय हो पेटीवाले, हसू नका, तुमच्या घरचंही मला ठाऊक आहे.

बावीस वर्षं काकू सांगत होत्या, "अहो, चहात साखर कमी घ्या." ऐकतील तर शपथ! मग काय झालं — मुलाची बदली पुण्याला, शनिवार-रविवार घरी. सून अनघा वाईच्याच शाळेत शिकवते, ती इथेच. एकदा सासऱ्यांच्या पायाची जखम महिनाभर भरेना. अनघानं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, उद्यापासून चहात साखर बंद. स्वयंपाक मी बघते."

आणि बाबा म्हणाले, "बरं."

बरं! बावीस वर्षं बायको सांगत होती तेव्हा कान कुठे गेले होते? बायांनो, तुम्हाला कळतंय ना काकूंचं कुठे दुखलं ते?

तर पथ्य सुरू झालं. ज्वारीची भाकरी, दुधी, जेवणानंतर अंगणात फेऱ्या. जखम भरली. पट्टा दोन भोकं आत गेला. भालचंद्रपंत जिना चढताना गुणगुणायला लागले, आणि काकू खाली गुडघ्याला तेल चोळत ते ऐकत होत्या. एक दिवस पाहुणे आले. त्यांच्यादेखत पंत म्हणाले, "अनघानं मला दहा वर्षं मागं नेलं हो. तिच्या हाताला गुण आहे."

काकू पोहे घेऊन दारात उभ्या होत्या. बशी ठेवली, आत गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. जळल्या हो! दुसरा शब्दच नाही. आपला नवरा बरा होतोय, आणि ही बाई जळतेय. का? तर तो माझ्या हातानं नाही, तिच्या हातानं बरा होतोय.

स्वयंपाक सुनेकडे गेला, पण वाढायचं काम अजून काकूंकडे होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काय केलं? पंतांच्या वाटीच्या तळाशी सुपारीएवढा गूळ ठेवला आणि वरून गरम आमटी ओतली. पंतांनी पहिला घास घेतला. थांबले. मग सगळी वाटी संपवली आणि म्हणाले, "अजून थोडी वाढ."

झालं! आता दोन्ही वेळा गूळ. सुपारीचं लिंबू झालं. साखर वर जायला लागली. अनघा घाबरली, भात बंद केला, केळं बंद केलं, तरी साखर वरच. डॉक्टरांनी पथ्य विचारलं, तिनं सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गोळी दुप्पट केली. आणि आमच्या काकू? आरशासमोर केस विंचरताना मनात म्हणाल्या, दिसला का गुण.

पुढच्या महिन्यात काकूंच्या बहिणीकडे नाशिकला बारसं होतं. चार दिवस काकू तिकडे. आता बघा हं — गोळी दुप्पट चालू, आणि गूळ एकदम बंद. वाढायला अनघा. तिला काय माहीत?

तिसऱ्या दिवशी सकाळी पंत अंगणात फेऱ्या मारता मारता खाली बसले. घामानं सदरा भिजलेला, हात थरथरताहेत, अनघाला म्हणतात, "पोस्ट उघडलं का?" तिनं बोटाला सुई टोचून साखर बघितली — बेचाळीस! पोरीनं साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं तोंडात घातलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाचले. थोडक्यात वाचले.

काकू धावत आल्या. दवाखान्याच्या दारातच शेजारीण भेटली. म्हणते कशी, "उपाशी मारत होती हो सून. भात नाही, केळं नाही. तुमच्या हातचं खात होते तेव्हा बरे होते."

मंडळी, दोन महिने हेच ऐकायला कान आसुसले होते. आणि खरं सांगते, काकूंना क्षणभर गोड वाटलं. नवरा आत सलाइनवर, आणि हिला गोड वाटलं! मत्सर तो हाच. त्याला शिंगं नसतात. तो नऊवारी नेसून, हातात डबा घेऊन दवाखान्यात येतो.

आत डॉक्टर विचारत होते, "घरात काय बदललं? खरं कळलं नाही तर मी गोळी ठरवू कशी? पुढच्या वेळी वाचतीलच असं नाही."

अनघा भिंतीला टेकून रडत होती. म्हणाली, "माझंच चुकलं असेल. गोळी दोनदा दिली असेन मी."

न केलेली चूक ती पोर पदरात घेत होती. काकूंनी हातातला डबा खाली ठेवला. म्हणाल्या, "तिनं नाही. मी गूळ घालत होते. यांच्या आमटीत. रोज."

 मग खाटेवरून पंतांचा आवाज आला, "मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस."

हसताय? हसा. पण अनघा हसली नाही. ती म्हणाली, "आई, दोन महिने मला झोप नाही. वाटायचं, माझ्या हातून बाबांचं काहीतरी वाईट होतंय." एवढंच बोलली आणि बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर तिनं एक नियम केला. वाढायचं आईंनीच. पण बाबांच्या वाटीतला पहिला चमचा अनघा चाखणार, मगच वाटी पुढे. आजही गोडबोल्यांकडे हेच चालतं. काकू समोर उभ्या राहतात, सून चव घेते, मान हलवते. काकूंना रोज दोन वेळा मेल्याहून मेल्यासारखं होतं. तरी त्या वाढतात. पंतांची साखर आता ताब्यात आहे.

तेव्हा आजोबा, डॉक्टरांपाशी खोटं बोलू नका, गोळी खोट्यावर ठरते. आणि आज्यांनो, म्हातारपणी आपला देह दुसऱ्याच्या हाती जातो, नवऱ्याचाही जातो. तो हात आपला नसला की पोटात दुखतं. मला विचारा ना. वर्षभर माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब माझी सून घालते, दिवसातून चार वेळा. तिच्यामुळे मला हा समोरचा देव दिसतो. आणि मी काय म्हणत आले? "थंड असतात गं ते, नीट घाल." दुसरा शब्द नाही. का? तर घरात तिचं नाव होऊ नये.

ती तिथे दाराशी बसली आहे, चपलांपाशी. शुभांगी, वर बघ. तुझ्यामुळे मला दिसतं गं. बरं केलंस.

हे म्हणायला मला एक वर्ष लागलं, मंडळी. तुमच्यापाशी घरी पोचेपर्यंतचा वेळ आहे. देवाचं नाव घ्या आणि उठा.