डावी कूस

भागीरथी : अहो, इस्त्री करून करून तो कोट झिजेल. उद्या हॉस्पिटलात गेल्या गेल्या काढूनच ठेवायचा आहे ना?

पिराजी : काढला तरी खुंटीवर दिसणार. शिवाजीनगरचा पिराजी टेलर उघड्या छातीनं खाटेवर पडलेला असला, तरी त्याचा कोट शेजारी ताठ उभा पाहिजे.

भागीरथी : हौस बघा! लग्नाचं बोलावणं आलं तरी माणूस इतका नटत नाही. आणि बोलावणं कसलं, तर डॉक्टर होणारी पोरं छाती ऐकणार, पाठ ठोकणार आणि मास्तर त्यांना विचारणार, सांगा बघू, या माणसाला काय झालंय!

पिराजी : मग? दर परीक्षेला मलाच बोलावतात. वॉर्डबॉय यल्लाप्पा स्वतः दुकानात येऊन सांगून गेला, "पिराजीअण्णा, सोमवारी नक्की. तुमच्यासारखं हृदय साऱ्या बेंगळूरात नाही, असं प्रोफेसरसाहेब म्हणतात."

भागीरथी : बिघडलेलं हृदय, त्याची काय ती मिरवणूक! ऐका, आत्ताच ओवी जुळली.
"पीठ भरलं सुपात, जातं थांबेना थांबेना,
माझ्या गं शिंप्याचं मन घरात लागेना."

पिराजी : हळू गं. जिन्यात शालनची पावलं वाजताहेत. उद्याचं तिच्यासमोर काढू नकोस.

शालन : काय काढायचं नाही, मामा? यल्लाप्पा नर्सबाईंना सांगत होता, ते मी ऐकलंय. तुम्ही उद्या यायचं नाही.

पिराजी : का? माझी खाट तुझ्याच वाट्याला आली तर बरंच की! घरचं जातं, घरचं दळण.

शालन : तेच नको. मी ऐकायला शिकले ती तुमच्याच छातीवर. लहानपणी सांधे सुजले, त्यात हृदयाचं एक दार आखडलं, रक्त तिथून घरघरत जातं. सगळं मला पाठ आहे. तुम्ही मिळालात तर ती परीक्षा नव्हे मामा, चोरी.

पिराजी : पण गेल्या खेपेला...

शालन : गेल्या खेपेला नापास झाले. म्हणा की मोठ्यानं! पेपर सगळे पास आणि खाटेपाशी नापास, म्हणजे सगळंच नापास. खाटेपाशी उतरल्याशिवाय डिग्री नाही. डिग्रीशिवाय हॉस्पिटलातली उमेदवारी नाही, उमेदवारीशिवाय कौन्सिलच्या रजिस्टरात नाव नाही, आणि नाव नाही तर दारावर पाटी नाही.

भागीरथी : अय्यो, ही तर साखळीच झाली. एक कडी निसटली की विहिरीत घागर.

पिराजी : पण निसटली कुठे? सहा महिने झाले, तू काही बोलली नाहीस.

शालन : एक आजोबा होते. कपाळाला विभूती, नुकता डोळा लागलेला. ती घरघर ऐकायची तर माणूस डाव्या कुशीवर हवा, उताणा असला की ती लपते. मला ठाऊक होतं, मामा. पण "वळा" म्हणवेना. एवढ्या मोठ्या माणसाला हुकूम कसा करायचा? मी आपलं त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं. परीक्षक म्हणाले, काय ऐकलंत? म्हटलं, काही नाही.

भागीरथी : पांघरूण घातलं! घरचं वळण हो, दुसरं काय? एक पांघरूण घालते, दुसरा तिच्यासाठी दुखणं राखून बसतो.

शालन : राखून म्हणजे?

पिराजी : भागे, तोंडाला टाका घाल.

भागीरथी : नाही घालत. शालन, वेल्लोरच्या हॉस्पिटलात खाट रिकामी नाही म्हणून ऑपरेशन लांबलं, असं यांनी तुला सांगितलं ना? खोटं. संक्रांतीलाच बोलावणं आलं होतं. हेच म्हणाले, आमच्या मुलीची परीक्षा होऊ द्या, मग येतो.

शालन : मामा!

पिराजी : अगं, ते दार रुंद केल्यावर घरघर राहणार कुठे? मग तू शिकणार कुणावर? आणि उद्या देवानं मलाच तुझ्या पुढ्यात टाकलं, तर दुरुस्त छाती घेऊन जाऊ?

शालन : जिना चढताना अर्ध्यावर बसता तुम्ही. उशांचा डोंगर केल्याशिवाय झोप येत नाही. मला वाटायचं, वेल्लोरची माणसं निर्दय आहेत. निर्दय तर घरातच!

पिराजी : रागावू नको गं. पांढरा कोट शिवून दिला तुला. त्यापुढं मला काय येतं? तुझ्या पुस्तकातलं एक अक्षर कळत नाही. म्हटलं, एवढी एक छाती आहे आपल्याकडे, ती तरी तुझ्या उपयोगी पडो.

भागीरथी : ...आता दोघंही डोळे पुसा. कोट करपेल.

शालन : ऐका मामा. यल्लाप्पाला शब्द दिलाय तर जा. पण आधी प्रोफेसरसाहेबांना सांगायचं, शालन माझी भाची. ते तुम्हाला दुसऱ्या तुकडीत घालतील. आणि परीक्षा सरली की आठवड्याच्या आत वेल्लोर.

पिराजी : सरी. वेल्लोर कबूल. पण उद्या आणखी कुणी आजोबा मिळाले आणि तू पुन्हा पांघरूण घातलंस तर?

शालन : ...तीच तर भीती आहे.

पिराजी : मग बस इथं. कॅन्टोन्मेंटचे कर्नल मापाला येतात, तेव्हा मी काय म्हणतो? हात वर. वळा. खांदा ढिला. श्वास सोडा. ज्याच्या आवाजानं पलटण वळते, तो माझ्या टेपेपुढं मुकाट वळतो. मी काय त्याच्याहून मोठा? मी त्याच्याकडे बघतच नाही, कोटाकडे बघतो. कोट अंगासरसा बसायचा तर माणूस वळलाच पाहिजे. तूही दुखण्याकडे बघ. हं, मी आडवा पडलो. म्हण.

शालन : मामा, जरा वळता का?

पिराजी : हे तर हळदीकुंकवाचं आमंत्रण! पुन्हा.

शालन : डाव्या कुशीवर वळा.

पिराजी : स्वल्प जोरात. कर्नल बहिरा आहे.

शालन : डाव्या कुशीवर वळा!

भागीरथी : अगं बाई, चुलीपाशी मीच वळले!

(सोमवार, संध्याकाळ. तेच घर. कोट पुन्हा खुंटीवर.)

भागीरथी : दोघं हसत काय उभे राहिलात? कुणीतरी बोला. माझा जीव सकाळपासून फोडणीत पडलाय.

शालन : मामी, मला आजोबा नाही, पेन्शनीतला हवालदार मिळाला. मिशा अशा, की त्यांच्यावर चिमण्या बसाव्यात. मी काही म्हणायच्या आधीच गुरगुरला, "आम्हाला उताणंच बरं वाटतं."

भागीरथी : मग?

शालन : माझा हात पांघरुणाकडे गेला, मामी. खरंच गेला. मग मिशांकडे बघायचंच सोडलं. म्हटलं, "डाव्या कुशीवर वळा." तोंडून पुढे "खांदा ढिला" असंही निघून गेलं.

पिराजी : शाबास! आणि वळला?

शालन : मांजरासारखा. नळी ठेवली मात्र, शेजारच्या घरातून दळण ऐकू यावं, तसं आलं सगळं. परीक्षकांनी विचारलं, आता या माणसाचं काय कराल? म्हटलं, दार रुंद करायला धाडा, उशीर करू नका. आणि कुणाच्या परीक्षेसाठी तर मुळीच थांबवू नका, हे मनातल्या मनात.

भागीरथी : ते काय म्हणाले?

शालन : वहीत काहीतरी लिहिलं. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण मी बाहेर पडताना त्यांतले थोरले, मान वर न करताच म्हणाले, "जाताना दार ओढून घ्या, डॉक्टर."

भागीरथी : डॉक्टर म्हणाले? थांब, आधी तुझ्यावरून मीठ ओवाळते. आणि तुमचं काय झालं हो?

पिराजी : मला घातलं दुसऱ्या तुकडीत. वाट्याला आलं हुबळीकडचं एक पोरगं, घामानं थबथबलेलं. मला उताणा ठेवून किती वेळ ऐकत बसलं! नळी इकडून तिकडे, तिकडून इकडे.

शालन : मग?

पिराजी : मग काय, माझी पाठ अवघडली. वळलो.

शालन : कुठल्या कुशीवर?

पिराजी : सवयीच्या.

शालन : मामा! ही चोरीच झाली.

पिराजी : तुझ्यासाठी राखलं होतं, तू घेतलं नाहीस. वाया घालवू? शिंपी चिंधीसुद्धा टाकत नाही, पोरी. पोरगं असं उजळलं म्हणून सांगू! कंदिलाची वात वर करावी तसं.

शालन : तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मामी, ट्रंक भरली?

भागीरथी : केव्हाच. काटपाडी स्टेशनापर्यंत पुरेल एवढं चित्रान्न सकाळी करीन. कोट सगळ्यात वर ठेवते, नाहीतर हे ऑपरेशनच्या टेबलावरून उठून मागतील. आणि शालन, ती तुझी नळी दे बघू जरा.

शालन : तुम्हाला? कशाला?

भागीरथी : परवा वेल्लोरला ती घरघर काढून टाकणार. साऱ्या गावाच्या पोरांनी ऐकली. मी इतकी वर्षं शेजारी निजते, एकदा मलाही ऐकू दे.

शालन : घ्या. हे कानात. आणि हे इथे, मामांच्या छातीवर डावीकडे, हलकं धरा.

भागीरथी : काहीच ऐकू येत नाही गं.

पिराजी : कसं येईल? हुकूम कुठे केलास?

भागीरथी : जन्मभर तेच तर करतेय. वळा आता, डाव्या कुशीवर.

शालन : आलं, मामी?

भागीरथी : ...आलं. अगं, हे तर माझ्या आईचं जातं! पहाटे मी अंथरुणात असायची आणि पलीकडून हेच यायचं.

पिराजी : मग काय, थांबवायचं ना ते?

भागीरथी : थांबवायचं हो. पण हलू नका, एवढं दळण सरू द्या.