ऋतिकची उंची

मारेगावच्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत माझ्यापुढं दोन बाया उभ्या होत्या.

"हंसाबाई, तुमचा ऋतिक पोलीस भरतीची तयारी करत होता ना?"

"करत होता. पण चुलतभावाच्या वरातीत नाचता नाचता फोटोवाल्याचाच पाय मुरगळला. ऋतिक सगळ्यात उंच, म्हणून लोकायनं कॅमेरा त्याच्या हाती देल्ला."

"जमले फोटो?"

"नवरीचे डोळे सगळ्या फोटोत मिटलेले. पण नवरीचा मामा दर फोटोत झकास आला. मामानं तिथंच आपल्या पोरीच्या लग्नाची ऑर्डर देऊन टाकली. तवापासून भरती राह्यली बाजूले."

"अन् त्याचं स्वतःचं लग्न?"

"राजूरची पोरगी पाहाले गेलतो. दोघायलेबी पसंत होतं. पण तिचा बाप म्हणे, पोराले नोकरी नाही, पोरगी देत नाही."

"मंग?"

"मंग मागच्या महिन्यात तिचं लग्न झालं, नोकरीवाल्यासंग. फोटो काढाले बापानं ऋतिकलेच बोलावलं. म्हणे, तुमच्यावानी फोटो कोणी काढत नाही."

"अवो माय! गेला काहून मंग तो?"

"कायले नाही जाईन? सीझन होता."

"काही बोलला नाही तिथं?"

"बोलला ना. नवरदेव लाजून दूर उभा होता. त्याले म्हणे, 'भाऊ, नवरीच्या जरा जवळ सरका.'"