गुडघा, कंबर, सर्दी

जबाब देणार: कामावर 'स्टोअरबाई' या नावाने ओळख, वय ४८ वर्षे, धंदा नोकरी (गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात माल लावणे), राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पती फरशी बसवण्याचं काम करतात, वय ५४. तीस वर्षं गुडघ्यांवर बसून काम केल्याने त्यांचे गुडघे व कंबर कायम दुखते. तोंडाने सांगत नाहीत. जिना उतरताना कठडा धरला की मला कळतं.

काल रविवारी रुग्णालयातून ठाण्यात कळवलं गेलं की पतीच्या पोटात गोळ्या जास्त गेल्या आहेत. आमच्यात भांडण नाही. हवालदारसाहेबांनी हे दोनदा विचारलं म्हणून दोनदा सांगितलं. त्यांनी जीव द्यावा असं घरात काही घडलेलं नाही, आणि मी त्यांच्या जिवावर उठावं असंही काही नाही. मी आज ठाण्यात आले ती कोपऱ्यावरच्या औषधवाल्याविरुद्ध तक्रार द्यायला.

गोळ्यांबाबत विचारलं असता सांगते की, गुडघ्याच्या गोळ्या चार महिन्यांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांपुरत्या दिल्या होत्या. पुढे त्याच गोळ्या आम्ही गोदामाजवळच्या दुकानातून आणत राहिलो. कंबरेच्या गोळ्या माझ्या दिरांनी दिल्या, त्यांना गुण आला होता म्हणून. सर्दी-तापाच्या गोळ्या मी मागच्या मंगळवारी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणल्या.

घरात गोळ्या खणांच्या डब्यात असतात. गोदामात असे डबे नट-बोल्टसाठी येतात. गोळ्या पाकिटातून काढून खणात टाकलेल्या आणि प्रत्येक खणावर चिठ्ठी लावलेली: गुडघा, कंबर, सर्दी. गोदामाची रीत अशी की माल कुठे बसतो ते चिठ्ठीवर लिहायचं. तो कशाचा बनलाय ते कोणी विचारत नाही. कापलेली पाकिटं घरभर लोळायची, मला पसारा बघवत नाही, म्हणून ती फेकण्यात आली.

डबा पाहून पती म्हणाले होते, "मलाही एक चिठ्ठी लाव. नवरा, जुना माल, परत घेतला जाणार नाही." मी म्हटलं, "जुना माल कसला, अडगळ लिहिते." हे जबाबात लागत नसेल तर काढावं.

मागच्या सोमवारी पतींनी एका मोठ्या दालनाचं काम धरलं, शनिवारपर्यंत संपवायचं होतं. मंगळवारी ताप भरला. घरी थांबा म्हटलं तर म्हणाले, "कालवलेलं सिमेंट माझ्या सर्दीसाठी थांबणार आहे होय?" त्या दिवसापासून तिन्ही खणांतली एकेक गोळी, दिवसातून तीनदा. ताप हटेना म्हणून गुरुवारपासून सर्दीच्या दोन-दोन. जेवण सुटलं होतं, नुसत्या चहावर होते.

शुक्रवारी सकाळी कामावर निघताना त्यांनी विचारलं, "अगं, पोटात आग पडलीय. या तिन्ही एकत्र चालतात ना?" मी डबा उघडून पाहिला. मी म्हटलं, "गुडघ्याची गुडघ्याला, कंबरेची कंबरेला. एकमेकींच्या वाटेला जात नाहीत त्या." त्यावर ते म्हणाले, "तू लावलंयस म्हणजे बरोबरच असणार." काम शनिवारी पूर्ण झालं.

रविवारी सकाळी त्यांना काळी उलटी झाली. डोळे पिवळे दिसले. दिरांच्या गाडीतून रुग्णालयात नेलं. डॉक्टरबाईंनी कुठल्या गोळ्या घेतल्या ते विचारलं तेव्हा मी डबा पुढे केला. त्या म्हणाल्या, "पाकिटं कुठे आहेत?" पाकिटं नव्हती. दिरांनी स्वतःच्या घरून कंबरेच्या गोळ्यांचं उरलेलं अर्धं पाकीट आणलं, दोन्ही दुकानांतून नावं विचारून आणली, त्यात दीड तास गेला.

डॉक्टरबाईंनी सांगितलं की तिन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉल आहे, आणि गुडघ्याच्या व कंबरेच्या गोळीत सूज उतरवणारं औषधही एकच आहे. रंग वेगळा, नाव वेगळं, आत तेच. यकृताला मार बसला आहे आणि पोटात रक्तस्राव आहे. मी म्हटलं, गुडघ्याची गोळी वेगळी होती. त्या म्हणाल्या, "बाई, गोळीला गुडघा कुठे आहे ते ठाऊक नसतं. ती अंगभर जाते." अशी मिश्र गोळी एका वेळी एकच, ठरवून दिलेले दिवस, जेवणानंतर; दुसरी कुठलीही घेण्याआधी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची किंवा पाकीट दाखवून विचारायचं, असं त्यांनी सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

औषधवाल्याबाबत सांगते की, मंगळवारी त्यांनी मला "दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का?" असं विचारलं होतं. मी "तापाच्या नाहीत" असं सांगितलं. हे मला आत्ता, सांगता सांगता आठवलं. म्हणून त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. दिरांविरुद्धही नाही.

पुढचे दोन दिवस कठीण आहेत असं रुग्णालयातून सांगितलं आहे. आज सकाळी पतींनी डोळे उघडले. मला ओळखलं. म्हणाले, "डबा आणलास का? कंबर धरलीय." मी बाहेर व्हरांड्यात गेले.

डबा मी ठाण्यात जमा केला आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "चिठ्ठी लावलेली" आणि "पाकिटं फेकण्यात आली" असं आलं आहे, ते मी बदलून घेत आहे. चिठ्ठ्या मी लावल्या. पाकिटं मी फेकली. डब्यावरचं अक्षर माझं आहे. एवढी दुरुस्ती धरून बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.