फोटोत न दिसलेलं

मेडशीच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकड्यावर एक नवराबायको नंबर यायची वाट पाहत होते.

“चाल विजयमाला. एक्स-रेच्या फोटोत काई निंघालं नाही. बस निघून जाईन.”

“जाऊ द्या. माहा खांदा दुखून राह्यला.”

“तुले वाटते तसं.”

“मंग कोनाले वाटीन?”

“आपला हरीओम कॉलेजात हेच तं शिकून राह्यला. तो म्हने, मानसाले फक्त आपलंच मन समजते. दुसऱ्याले मन हाये का नाही, याचा पुरावाच नसते.”

“तुमाले पटलं?”

“पटलं ना. मले कुठं दिसते तुहं दुखनं?”

“मांगल्या खेपेले मले घरी ठिवून तुमी एकटेच फोटो घिऊन आलते. डॉक्टरनं इचारलं असन, कुठं दुखते म्हून. काय सांगतलं?”

“सांगतलं, खास काई नाही.”

“तुमची दाढ ठनकत होती, तवा मी मिठाचं पानी घिऊन तुमच्यापाशी बसली. पुरावा मांगतला काय म्या?”

“विजयमाला रामराव!” आतून नर्सनं हाक मारली.

“बरं, ऊठ. चाल, मी सांगतो डॉक्टरले.”

“तुमी बसा इथंच. खांदा माहा हाये, मीच सांगीन.”