वॉल्टरच्या नातीचा फोन

तुम्ही हसाल, पण सध्या मला माझ्या आईचा हेवा वाटतोय.

अमेरिकेत शिकून मी सिंगापूरला, बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटवर परतलो तो एकच ध्यास घेऊन. शंभर वर्षांपूर्वी तिकडे मोटारींच्या शर्यतीत धावलेले आणि आता कुणाला आठवतही नसलेले ड्रायव्हर लोकांपुढे आणायचे. त्यातला वॉल्टर माझा लाडका. पठ्ठ्याने मोठी शर्यत जिंकली आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही. का, ते फक्त त्याची शहाऐंशी वर्षांची नात सांगू शकत होती. मी तिला पाच ईमेल पाठवले, तळटिपांसकट. उत्तर नाही.

"अरे, सरळ फोन कर की!" आई म्हणाली.

"तसं चालत नाही गं तिकडे. आधी परवानगी घ्यावी लागते."

मी आंघोळ करून आलो, तर माझी वही उघडून आई फोनवर! "मग गुडघ्याचं ऑपरेशन कधी?" असं इंग्रजीत विचारत होती. पाऊण तासाने तिने फोन ठेवला.

"कळलं बाई, त्याने का सोडलं ते."

"का?"

"ते तिने मला विश्वासाने सांगितलंय. कुणालाही सांगू नका म्हणाली."

"मी काय 'कुणीही' आहे?"

"विचारते तिला. रविवारी करणार आहे ती फोन."

रविवारी फोन वाजताच मी झडप घातली. नाव सांगितलं, ईमेलची आठवण दिली, दोन वर्षांची सगळी मेहनत ऐकवली. आजीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आई आहे का घरी?"